बांधावरची झाडं, गोठ्यातला चारा: माळव्याच्या काळ्या मातीत सुरुवात कशी करावी

सांवेर, देपालपूर, महूकडे ज्यांची शेती आहे त्या इंदूरच्या मराठी मंडळींसाठी हे लिहितो आहे. सोयाबीन, मग गहू किंवा हरभरा, मग उन्हाळाभर उघडं रान, हा फेरा मोडायचा तर झाडं हवीतच. पण नुसता साग लावून मोकळे होऊ नका. सागाचा पैसा वीस-पंचवीस वर्षांनी हाती येतो, तोवर धीर कुणाला धरवतो? आधी तुमच्या गाई-म्हशींच्या तोंडी लागेल असं झाड लावा. चारा वर्षभरात मिळू लागतो.

सुरुवात बांधापासून करा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि सावली उत्तरेला पडते. म्हणून उंच झाडं उत्तरेच्या बांधावर लावा, म्हणजे तुमचा गहू उन्हातच राहील. पलीकडे शेजाऱ्याचं शेत असेल तर त्याच्याशी आधी बोलून घ्या. दक्षिणेच्या बांधाला सीताफळासारखी बुटकी झाडं किंवा विरळ सावलीचा शेवगा बरा.

मे महिन्यात दीड-दोन फुटांचे खड्डे खणून तापू द्या. आपल्या काळ्या मातीत खरी गोम इथेच आहे. खड्डा अर्धवट भरला की पावसात पाणी साचतं आणि रोपाची मुळं कुजतात. माती आणि कुजलेलं शेणखत मिसळून खड्डा जमिनीच्या वर वीतभर उंचवटा होईल इतका भरा, आणि दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर त्या उंचवट्यावर रोप लावा. उन्हाळ्यात भेगा पडतात तेव्हा कोवळी मुळं तुटतात. बुंध्याभोवती काड, पालापाचोळा जाड अंथरा.

चाऱ्यासाठी शेवरी, सुबाभूळ दाट लावा. झाड डोक्याएवढं झालं की कमरेच्या उंचीवर छाटा. सुबाभळीत मायमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं, त्यामुळे ती एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घालू नका, नाहीतर जनावराचे केस गळतात. शेंगा वाळण्याआधी छाटली नाही तर शेतभर रोपं उगवतात. गिरिपुष्पाच्या फांद्या पावसाळ्यात नुसत्या रोवल्या तरी जगतात. त्याचा पाला थेट मातीत घाला.

आता खत. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात इंदुरातच, आजच्या कृषी महाविद्यालयाच्या जागी, खत करण्याची जी पद्धत बसवली ती जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते. आपल्याच गावची ही विद्या आपण विसरावी याचं फार वाईट वाटतं. सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) आणि झाडांचा पाला रात्री जनावरांखाली पसरा. सकाळी तो शेणासकट उचला, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती खरवडून त्यात मिसळा, थर रचा, ओलावा ठेवा. साधारण तीन, पाच आणि नऊ आठवड्यांनी पलटी दिली की तीन महिन्यांत काळंभोर, भुसभुशीत खत तयार होतं.

झाडं तीन वर्षांची झाली की बुंध्यापासून तीन-चार फुटांवर, पिकाच्या बाजूला, दीड-दोन फूट खोल चर मारा. आडवी मुळं तुटतात आणि पिकाचं पाणी पिकालाच मिळतं. आवळा, बांबू, साग आता वाढवायला हरकत नाही. फक्त सागाची नोंद पटवारीकडून (तलाठ्याकडून) खसऱ्यात, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदवहीत, करून घ्या, तोडीच्या वेळी ती लागते. घोडारोज (नीलगाय) आणि शेळ्या आत येऊ नयेत म्हणून बाभळीच्या काट्यांचं कुंपण करा. शेळ्या घरच्या असल्या तरी पहिली दोन वर्षं बांधावर सोडू नका, छाटलेला पाला गोठ्यातच नेऊन टाका.