न्यूट जमिनीवरून पाण्यात जाताना खायला काय आणि कसं द्यायचं

सगळ्यात आधी, न्यूटला (पालीसारखा दिसणारा, जमिनीवर आणि पाण्यातही राहणारा छोटा उभयचर) उचलून थेट खोल पाण्यात टाकू नका प्लीज. टाकीत एका बाजूला ओलं मॉस आणि दुसरीकडे उथळ पाणी, भरपूर झाडं ठेवा आणि कधी उतरायचं ते त्यालाच ठरवू द्या, कातडी गुळगुळीत व्हायला लागली, शेपटी चपटी-रुंद दिसली की समजायचं पठ्ठ्या तयार होतोय.

आता खाणं. जमिनीवर तो जीभ बाहेर काढून पकडतो, पाण्यात मात्र तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो, म्हणजे पद्धतच बदलते, त्यामुळे सुरुवातीला नेम चुकतो आणि काहीजण काही दिवस खातच नाहीत, लगेच घाबरू नका. अशा वेळी गांडूळ बेस्ट, कारण ते दोन्हीकडे चालतं! छोटे तुकडे करून बोथट चिमट्याने आधी पाण्याच्या काठावर द्या, मग हळूहळू पाण्याखाली त्याच्या नाकासमोर हलवा. हललं नाही तर बऱ्याचदा लक्षच जात नाही त्याचं. तुकडा डोक्याच्या रुंदीपेक्षा मोठा नको. पाण्यात रुळला की जिवंत ब्लॅकवर्म (पाण्यातले बारीक गांडुळासारखे किडे), डॅफ्निया (पाण्यातले अगदी छोटे जीव), फ्रोजन ब्लडवर्म (लाल बारीक अळ्या, वितळवून) सुरू करा. तोपर्यंत जमिनीवरचे छोटे किडे बंद करू नका.

उरलेलं खाणं त्याच दिवशी काढा, सडलं की अमोनिया वाढतो आणि यांची कातडी फार नाजूक असते हो. नळाचं पाणी क्लोरीन काढूनच वापरा. बारीक व्हायला लागला तर परत जमिनीवर खायला द्या, घाई नको.