कामिनोला जाताय? शिक्क्यांचं आधीच बघून ठेवा

स्पेनमधला कामिनो दे सांतियागो, म्हणजे सांतियागो शहरापर्यंतचा पायी यात्रेचा मार्ग, स्वतःचा स्वतः चालायचा विचार असेल आणि सुट्टी आठवडाभराचीच असेल तर सारिया गावापासून सुरू करा, तिथून सांतियागो साधारण ११५ किमी, पाच-सहा दिवसांत आरामात होतं. गाईड लागत नाही, पिवळे बाण आणि शिंपल्याची खूण असलेले दगड रस्ताभर आहेत. पण लोक गंडतात ते शिक्क्यांत. क्रेदेन्सियाल म्हणजे यात्रेकरूचा पासपोर्ट, घडी घातलेला जाड कागद, तो पहिल्याच दिवशी घ्या आणि शेवटच्या १०० किमीत रोज किमान दोन शिक्के मारून घ्या, नाहीतर शेवटी कोम्पोस्तेला, म्हणजे ते लॅटिनमधलं सर्टिफिकेट, अडकू शकतं. चर्च, अल्बेर्गे (यात्रेकरूंची धर्मशाळाच म्हणा), अगदी कॉफीच्या बारमध्येही शिक्का मिळतो, त्यामुळे सकाळी कॉफीसोबत एक आणि मुक्कामी एक असा हिशोब ठेवला की झालं. क्रेदेन्सियाल झिपलॉक पिशवीतच ठेवा हं, गॅलिसियात, म्हणजे स्पेनच्या या भागात, पाऊस आपल्या कोकणासारखा कधीही येतो आणि ओल्या कागदावर शाई अशी पसरते की शिक्का कुठला तेच कळत नाही.