दुसऱ्या धर्मातलं आवडलेलं जवळून पाहायचं तर

‘सगळेच धर्म चांगलं शिकवतात’ असं म्हटलं की विषय तिथेच संपतो आणि हाती काही लागत नाही. लोकांना दुसऱ्या धर्मातलं मनापासून आवडतं ते बहुतेक वेळा तत्त्वज्ञान नसतंच, एखादी रीत असते. शिखांचं लंगर म्हणजे गुरुद्वारातली सर्वांसाठीची पंगत, मुसलमानांची जकात, ज्यूंचा शनिवार, बुद्धाच्या परंपरेतलं दहा दिवसांचं मौन. या रीतींचा जो परिणाम आपल्याला भावतो तो त्यांच्या बारीकसारीक नियमांतून येतो. नियम माहीत नसले की एक तर नुसतं कौतुक करून आपण परत येतो, किंवा पाहुणा म्हणून गेल्यावर नको तिथे चुकतो.

लंगर

पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी सर्वांत सोपं लंगरच. कोणीही, कधीही जावं. जात, धर्म, नाव कोणी विचारत नाही. अमृतसरच्या हरमंदिर साहिबात, म्हणजे सुवर्णमंदिरात, रोज ५० हजार ते १ लाख माणसं जेवतात. आपल्याला मात्र तेवढं लांब जायची गरज नाही. गुरू गोविंदसिंग १७०८ साली नांदेडला निवर्तले. तिथलं तख्त सचखंड श्री हजूर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे सर्वोच्च धर्मपीठांपैकी, एक, आणि आजची मुख्य इमारत महाराजा रणजितसिंगांनी १८३० च्या दशकात बांधवून घेतलेली. मराठी माणसाला तिथे उपरं वाटायचं कारण नाही: गुरू ग्रंथ साहिबात संत नामदेवांची ६१ पदं आहेत.

विडी, सिगारेट, तंबाखूची पुडी बाहेर ठेवूनच आत शिरा, खिशातसुद्धा नको. इतर चुका लोक हसून सोडून देतात, ही नाही. चपला जोडाघरात द्यायच्या, टोकन घ्यायचं, हात धुवायचे, दारातल्या उथळ पाण्यातून पाय धुऊन पुढे जायचं. डोकं झाकलेलं हवं, स्त्री असो वा पुरुष. मोठा रुमाल किंवा ओढणी चालते, नसेल तर दाराशी पटका मिळतो. क्रिकेटची टोपी घालून जाऊ नये. दरबारात, म्हणजे ग्रंथ ठेवलेल्या दालनात, माथा टेकून खाली मांडी घालून बसायचं. ग्रंथाकडे पाय पसरायचे नाहीत. गुडघ्यांचा त्रास असेल तर मागे भिंतीशी बसा, म्हणजे पाय लांबवायची वेळ येणार नाही.

निघताना हातावर कडाह प्रसाद, म्हणजे कणकेचा शिरा, पडतो. तो दोन्ही हातांची ओंजळ करून, शक्यतो बसून घ्यायचा. तुपकट असतो, त्यामुळे कमी हवा असेल तर आधीच ‘थोडा’ म्हणा. घेऊन मग टाकणं वाईट दिसतं.

मग पंगत. सगळ्यांची बैठक जमिनीवर, एकाच पट्टीवर. लंगरची रीत गुरू नानकांपासूनची. तिसरे गुरू अमरदास यांनी नियम घातला: आधी पंगत, मग संगत, म्हणजे आधी सगळ्यांबरोबर जेवण, मग गुरूची भेट. भेटीला आलेल्या अकबरालाही आधी पंगतीत बसावं लागलं, असं परंपरा सांगते. लोक ‘फुकट जेवण’ म्हणून लंगरचं कौतुक करतात, पण अन्नछत्रं आपल्याकडेही कमी नाहीत. लंगरची खरी गंमत या बसण्याच्या नियमात आहे. शेजारी कोण बसणार हे आपल्या हातात नसतं, आणि देणगी देणाऱ्यासाठी वेगळी रांग नसते. म्हणून ‘आम्ही सगळे एकत्र बसू, जागा धरून ठेवा’ हा लग्नातला उद्योग तिथे करू नये.

वाढणारे रोटीला ‘परशादा’ म्हणतात. ताट पुढे करायचं नाही. दोन्ही तळवे उघडे धरायचे, रोटी हातावर पडते. पानात काही उरू द्यायचं नाही. पहिल्या फेरीला कमी घ्या, वाढणारे पुन्हा येतातच. उठल्यावर ताट स्वतः उचलून भांडी घासायच्या जागी द्यायचं.

सेवा करायची असेल तर तिथल्या सेवादाराला सरळ विचारा. नवख्याला बहुधा लसूण-कांदा सोलणं, पोळ्या लाटणं किंवा भांडी घासणं मिळतं. भांडी घासणं सगळ्यात सोपं, कारण कोणी शिकवावं लागत नाही. स्वयंपाकघरात डोकं झाकलेलं आणि हात धुतलेले हवेत, आणि एक गोष्ट मराठी सुगरणींना फार जड जाते: शिजताना चव घ्यायची नाही. अरदास (सर्वांनी मिळून करायची प्रार्थना) झाल्याशिवाय लंगरचं अन्न कोणी तोंडात घालत नाही. वस्तू द्यायची असेल तर कणीक, डाळ, तूप यांपैकी काय हवं ते विचारून द्या आणि पावती घ्या. घरून शिजवलेलं अन्न न विचारता नेऊ नका.

कडाह घरी करून पाहिला तर त्याचं गणित कळतं. आपला सत्यनारायणाचा शिरा सव्वाच्या मापाचा, रवा आणि दुधाचा. हा कणकेचा आणि पाण्याचा. कणीक, तूप, साखर तिन्ही समसमान. एक वाटी प्रत्येकी घेतली तर पाणी तीन वाट्या. कणीक जरा जाडसर दळलेली चांगली. एका पातेल्यात पाणी-साखर उकळत ठेवा. जाड बुडाच्या कढईत तूप तापवून मंद आचेवर कणीक भाजा. दहा-बारा मिनिटांनी ती सैल होते, रंग बदामी होतो आणि वास बदलतो. तेव्हा उकळतं पाणी बेताबेताने ओता. जोरात उडतं, म्हणून हात लांब ठेवा. सतत हलवत राहिलं की गोळा कढई सोडतो आणि कडेने तूप सुटतं. प्रसाद टाळूला चिकटला तर कणीक कच्ची राहिली होती. गुठळ्या झाल्या तर पाणी गार होतं. तुपाची काटछाट केली तर तो कडाह होत नाही, कणकेची खळ होते. गुरुद्वारात हे सगळं गुरबाणी, म्हणजे ग्रंथातली पदं, म्हणत चालतं, अरदास होते, आणि वाटण्याआधी प्रसादाला किरपान (शिखांची छोटी कट्यार) लावली जाते. तेवढा भाग घरी करायचा नसतो. घरी केला तो शिरा.

जकात

जकात म्हणजे दानधर्म असं आपण समजतो, तिथेच चुकतो. मर्जीने द्यायचं ते सदका. जकात हे देणं आहे: संपत्तीत गरिबाचा वाटा ठरलेला आहे आणि तो वेळेवर काढायचा. बिगरमुस्लिमाला ती लागू नाही, पण हिशेबाची पद्धत शिकण्यासारखी आहे.

दर अडीच टक्के. तो उत्पन्नावर नाही, वर्षभर जवळ राहिलेल्या शिलकीवर लागतो. त्यासाठी शिल्लक एका किमान पातळीच्या वर हवी; तिला निसाब म्हणतात. निसाब म्हणजे साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी. इथे हमखास घोटाळा होतो. सराफाचा आजचा तोळा १० ग्रॅमचा, आणि हा जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा. म्हणजे सोनं ८७.४८ ग्रॅम आणि चांदी ६१२.३६ ग्रॅम. चांदीला ५२५ ग्रॅम धरणारे चुकतात. रोख रकमेसाठी पुष्कळ उलेमा (मुस्लिम धर्मपंडित) चांदीचा निसाब धरायला सांगतात; तो बराच खाली येत असल्याने देणाऱ्यांची संख्या वाढते आणि घेणाऱ्याचा फायदा होतो.

हिशेबात घ्यायचं: रोख, बँकेतली शिल्लक, सोनं-चांदी, दुकानातला विकायचा माल, परत मिळण्याची खात्री असलेली उसनवारी. घ्यायचं नाही: राहतं घर, भांडीकुंडी, रोजच्या वापराची गाडी, धंद्याची हत्यारं. लगेच फेडायचं कर्ज वजा करायचं. समजा रोख आणि बँकेत मिळून २,४०,००० आहेत, दुकानात ३,६०,००० चा माल आहे आणि व्यापाऱ्यांचं देणं १,००,००० आहे. उरले ५,००,०००. जकात १२,५००.

अंगावरच्या दागिन्यांवर मतभेद आहे. हनफी पंथात ते धरतात, शाफई पंथात नेहमीच्या वापरातले स्त्रीचे दागिने सहसा धरत नाहीत. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, त्यामुळे रत्नागिरीच्या घरातला आणि मालेगावच्या घरातला हिशेब वेगळा निघू शकतो, दोन्ही बरोबर.

वर्ष हिजरी, म्हणजे मुसलमानांचं चांद्रवर्ष, धरायचं. ते साधारण ३५४ दिवसांचं असल्याने इंग्रजी तारीख दरसाल दहा-अकरा दिवस मागे सरकते. पुष्कळजण म्हणूनच रमजानमधला एक दिवस ठरवून टाकतात. आई-वडील, आजी-आजोबा, मुलं, नातवंडं यांना जकात चालत नाही, कारण त्यांना पोसणं हे तसंही कर्तव्यच. गरजू भावाबहिणीला चालते. कुराणात घेणाऱ्यांचे आठ प्रकार दिले आहेत. त्यांत कर्जात बुडालेला माणूस आणि वाटेत अडकलेला प्रवासीही येतो. देताना ‘ही जकात आहे’ असं सांगावं लागत नाही, त्यामुळे घेणाऱ्याची मान खाली जात नाही. मला वाटतं, सगळ्या नियमांत हा सर्वांत शहाणा.

ज्यूंचा शनिवार

कोकणात बेने इस्राएल लोकांना, म्हणजे इथल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंना, ‘शनिवार तेली’ म्हणत. धंदा तेलाच्या घाण्याचा, आणि शनिवारी घाणा बंद. बाकी पुष्कळ काही विसरलं गेलं, पण ही सुटी टिकली.

शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो आणि शनिवारी रात्री तारे दिसल्यावर संपतो; सुमारे २५ तास. दिवे सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधी लावतात, कारण नंतर आग पेटवता येत नाही. वर्ज्य कामांचे ३९ प्रकार आहेत: स्वयंपाक, लिहिणं, शिवणं, पेरणं, विस्तव लावणं आणि विझवणंसुद्धा. कोणाच्या जिवावर बेतलं तर मात्र सगळे नियम बाजूला. कडक पाळणाऱ्या घरी पाहुणे म्हणून जाणार असाल तर बेल दाबू नका, दार वाजवा. भेटवस्तू सूर्यास्ताआधी पोचवा. फोटो काढू नका, वहीत काही टिपू नका. बेने इस्राएल घरांत आशीर्वादासाठी वाइनऐवजी काळ्या मनुकांचं सरबत करण्याची रीत आहे. पुण्याचं लाल देऊळ म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉग किंवा अलिबागचं मागेन अबोथ पाहायचं असेल तर आधी कळवा, ओळखपत्र जवळ ठेवा, पुरुषांनी डोकं झाकावं.

यावरून स्वतःसाठी फोनबंद दिवस पाळू पाहणारे बहुतेक दुपारपर्यंत ढासळतात. कारण तयारी नसते. शब्बाथ टिकतो तो शुक्रवारच्या कामावर: जेवण आधी शिजलेलं, मंद आचेवर झाकलेलं, कोण येणार ते ठरलेलं. सुरुवातीची आणि शेवटाची वेळ आधी कागदावर लिहा, दोन वेळचं जेवण करून ठेवा, घरच्यांना तातडीचा दुसरा नंबर द्या, मग फोन बंद करा. आणि कोणाला तरी जेवायला बोलवा; एकट्याने नुसतं बसून राहिलं की हात फोनकडे जातोच.

दहा दिवसांचं मौन

इगतपुरीच्या धम्मगिरीवर सत्यनारायण गोयंकांच्या पद्धतीची विपश्यना (शरीरातल्या संवेदना तटस्थपणे पाहायचं ध्यान) शिबिरं १९७६ पासून चालू आहेत. पद्धत बुद्धाच्या शिकवणुकीतली असली तरी धर्म बदलायला कोणी सांगत नाही. शुल्क नाही, देणगीसुद्धा एक शिबिर पूर्ण केल्यावरच घेतात. घंटा पहाटे ४ ला, बसणं साडेचारपासून, दिवे रात्री साडेनऊनंतर बंद. दिवसभरात सुमारे दहा तास ध्यान. फोन, पुस्तकं, वही-पेन जमा. पहिले तीन दिवस फक्त श्वास, चौथ्या दिवशी विपश्यना. त्यानंतर रोज तीन वेळा तासभर हात-पाय न हलवता, डोळे न उघडता बसायचा निश्चय. संध्याकाळी पाचला नव्यांना चहा आणि फळं, जुन्यांना (आधी शिबिर केलेल्यांना) लिंबूपाणी. त्यानंतर काही नाही.

दुसरा आणि सहावा दिवस बहुतेकांना जड जातो, तेव्हा बॅग भरायची घाई करू नका. गुडघे-पाठ दुखत असेल तर पहिल्याच दिवशी खुर्ची मागून घ्या, पाचव्या दिवसापर्यंत हट्ट नको. गंभीर मानसिक आजार असेल तर अर्जात लपवू नका. अशांनी हे शिबिर करू नये असं तिथलेच लोक सांगतात. मौन दहाव्या दिवशी सुटतं. घरी परतण्याचं तिकीट अकराव्या दिवसाचं काढा, दहाव्या संध्याकाळचं नको.

जैनांची क्षमापना, म्हणजे एकमेकांची क्षमा मागायची रीत, गणपतीच्या आसपास येते. श्वेतांबरांची संवत्सरी पर्युषणाच्या आठव्या, शेवटच्या दिवशी. दिगंबरांची क्षमावाणी दशलक्षण पर्व संपल्यावर. ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणजे माझं दुष्कृत्य मिथ्या होवो. तुम्हाला कोणी म्हटलं तर ‘माफी कशाला?’ असं हसण्यावारी न्यायचं नाही, उलट तेच म्हणायचं. फॉरवर्ड केलेला संदेश पाठवून काम भागत नाही. ज्याच्याशी बोलणं तुटलंय त्याला आधी फोन.

आणि जिथे आत बोलावणं नाही तिथे जाऊ नये. पारशांच्या अग्यारीत बिगरपारशांना प्रवेश नसतो. ओळख असली तरी गळ घालू नका. फाटकाबाहेर चंदनाच्या काड्या विकणारा असतो, दारावर पंखवाल्या पुरुषाची आकृती असते. तेवढं बाहेरून पाहता येतं.