ठासणीच्या बंदुकीचा दस्ता: पितळी पट्टीभोवतीची फट अखेर गेली

पेनसिल्व्हेनिया लाँग रायफलच्या (जुनी अमेरिकन लांब नळीची बंदूक) धाटणीची बंदूक, दस्ता म्हणजे खांद्याला टेकवायचा लाकडी भाग मेपलच्या कठीण लाकडाचा. दस्त्याच्या खालच्या कडेची पितळी पट्टी खाचेत बसायची, पण भोवती फट राहायची. भुसा आणि सरस भरला. तेल लावल्यावर काळी रेघ उलट उठून दिसली. नवी पट्टी कापली, तीच गत. डोकं फिरलं.

दोष पट्टीच्या काटकोनी कडांत होता. काढता-घालता त्या खाचेचं तोंड झिजवत होत्या.

तिसरी पट्टी थोडी मोठी घेतली. कडा कानशीने खाली, आतल्या बाजूला तिरक्या केल्या, जेमतेम 5 अंश. आधी पट्टी एका स्क्रूने दस्त्यावरच आवळली आणि खालच्या कडेला चिकटून धारदार सुरीने रेघ मारली. पेन्सिल नको, तिची रेघ जाड. पट्टी काढून रेघेच्या आतलंच लाकूड पटाशीने काढलं. मग पट्टीला खालून काजळी फासायची, दाबायची, काळा डाग उमटेल तेवढंच खरवडायचं. माझे वीसेक फेरे झाले. पट्टी पाचरीसारखी घट्ट होत जाते. केसभर वर ठेवून शेवटी लाकडासकट कानसली.

पितळी स्क्रू मेपलमध्ये तुटतो. आधी लोखंडी स्क्रूला साबण लावून आटे पाडून घ्या.