मांसाहार सोडताना पोट का फुगतं, आणि काय करायचं

मांसाहार सोडून चार दिवस होत नाहीत तोच पोट नगाऱ्यासारखं फुगतं, गॅस होतो, आणि ‘आपल्याला शाकाहार मानवत नाही’ असं ठरवून मोकळं होणारे पुष्कळ. खरं तर बहुतेक वेळा दोष घाईचा असतो. मांस, मासे, अंडी यांत तंतू (फायबर, म्हणजे वनस्पतींतला न पचणारा चोथा) नसतातच. १०० ग्रॅम शिजवलेल्या मसुरात ते साधारण ८ ग्रॅम असतात. म्हणजे मांसाच्या जागी तेवढंच कडधान्य आलं, की आतड्यावर एकदम नवं काम पडतं.

शिवाय कडधान्यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज या साखरा असतात. त्या फोडणारं विकर (एन्झाइम) माणसाच्या लहान आतड्यात तयार होत नाही. त्या तशाच मोठ्या आतड्यात उतरतात आणि तिथले जीवाणू त्यांना आंबवतात. गॅस होतो तो त्यातून. आहार बदलल्यावर जीवाणूंची वस्तीही काही दिवसांतच बदलू लागते, पण घडी नीट बसायला काही आठवडे जातात.

म्हणून तंतू आठवड्याला साधारण ५ ग्रॅमनेच वाढवा. ५ ग्रॅम म्हणजे चार मोठे चमचे शिजवलेलं मसूर किंवा सालासकट एक मोठं सफरचंद. दिवसाला २५ ते ३० ग्रॅमपर्यंत पोहोचलात की पुरे. पहिल्या आठवड्यात दिवसातलं एकच जेवण शाकाहारी ठेवा आणि सुरुवात साल काढलेल्या डाळींनी करा. मग अख्खं मसूर, आणि हरभरे, राजमा सगळ्यात शेवटी. कच्च्या कोशिंबिरींचा ढीगही लगेच नको, शिजवलेल्या भाज्या पोटाला हलक्या पडतात.

निम्मी लढाई भिजवण्यातच जिंकली जाते. एक वाटी हरभरे किंवा राजमा चार वाट्या पाण्यात ८ ते १२ तास ठेवा. हवा गरम असेल तर भांडं फ्रिजमध्ये, नाहीतर पाणी आंबतं. ते पाणी फेकून द्या, कारण त्या साखरांचा बराच भाग त्यातच उतरलेला असतो. ताज्या पाण्यात शिजवा. झालं की नाही हे घड्याळावर ठरवू नका. एक दाणा बोटांत दाबा: विनासायास लोण्यासारखा चेपला, मध्ये पांढरा कडक ठिपका राहिला नाही, तरच झाला. चिमूटभर सोड्याने दाणे लवकर मऊ होतात, पण ब१ जीवनसत्त्व कमी होतं. रोज घालू नये.

राजम्याचं मात्र वेगळं. लाल राजम्यात लेक्टिन नावाचं विषारी प्रथिन असतं, आणि अर्धवट शिजलेले चार-पाच दाणेही काही तासांत उलट्या-जुलाब घडवू शकतात. भिजवल्यावर किमान १० मिनिटं खळखळ उकळायलाच हवा; मंद आचेच्या इलेक्ट्रिक कुकरमध्ये तेवढं तापमान गाठलं जाईलच असं नाही. याला लोक ‘राजमा बाधला’ म्हणतात, बाधलेलं असतं ते त्याचं कच्चेपण.

काहींना उलट बद्धकोष्ठ होतं. त्याची दोन कारणं नेहमीची. एक, तंतू वाढले पण पाणी वाढलं नाही. प्रत्येक जेवणासोबत एक जादा पेला प्या. दुसरं, मांसाची जागा कडधान्यांऐवजी चीज आणि मैद्याने घेतली, ज्यांत तंतू नसतात किंवा नावापुरतेच. दुधाचं प्रमाण वाढल्यावर गुरगुर आणि पातळ शौच सुरू झालं, तर संशय लॅक्टोजवर, म्हणजे दुधातल्या साखरेवर घ्या: दोन आठवडे दूध बंद करून दही घेऊन पाहा. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाला कडक होतं, हे विसरू नका. चहा-कॉफी जेवणानंतर तासाभराने घ्या; त्यातल्या टॅनिनसारख्या घटकांमुळे वनस्पतींतलं लोह कमी शोषलं जातं, तर लिंबू पिळल्याने जास्त.

दूध-अंडीही सोडणार असाल तर ब१२ जीवनसत्त्वाची गोळी हवीच. यकृतातला साठा कित्येक महिने, कधी वर्षं पुरतो, त्यामुळे कमतरता उशिरा उघडी पडते.

शौचातून रक्त, विनाकारण घटणारं वजन, ताप किंवा रात्री झोपेतून उठवणारे जुलाब असतील, तर आहारावर खापर न फोडता डॉक्टरांकडे जा. आणि गव्हाचा संशय आला तर तपासणीआधी तो बंद करू नका. ग्लुटेन (गव्हातलं प्रथिन) खाणं थांबवलं की सीलिएक आजाराची (ग्लुटेनमुळे लहान आतड्याला इजा होते तो) रक्ततपासणी खोटी ‘नकारात्मक’ येऊ शकते.