जर्मनीत वापरलेली स्कोडा सुपर्ब कॉम्बी घेताना इंजिन, गिअरबॉक्स आणि व्हेरिएंट कसे ठरवावे

जर्मनीत स्थिरावलेल्या कुटुंबात दुसरे मूल आले किंवा उन्हाळ्यात भारतातून आई-वडील राहायला येऊ लागले, की छोट्या हॅचबॅकची डिकी अपुरी पडू लागते. बाबागाडी ठेवली की बॅगा राहत नाहीत आणि विमानतळावरून येताना एक बॅग कोणाच्या तरी मांडीवर येते. अशा वेळी एसयूव्हीकडे वळण्याआधी मोठी कॉम्बी, म्हणजे इस्टेट गाडी, पाहावी असे माझे मत आहे. तिच्यात सामान अधिक मावते, ते कमी उंचीवर चढवावे लागते आणि इंधनही तुलनेने कमी लागते. या लेखात उदाहरण म्हणून स्कोडा सुपर्ब कॉम्बीची २०१५ ते २०२३ या काळातील तिसरी पिढी घेतली आहे, कारण जर्मनीच्या वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात ती मुबलक आहे. तिची लांबी सुमारे ४.८६ मीटर असून मागची सीट उभी असताना ६६० लिटर आणि ती पाडल्यावर १,९५० लिटर जागा मिळते. ही सुपर्ब छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा येथेही जोडली जात होती, मात्र तिची कॉम्बी भारतात विक्रीला आली नाही, त्यामुळे सुपर्ब माहीत असलेल्यांनाही हे रूप नवे वाटते.

अडचण अशी की एकाच नावाखाली १२० पासून २८० अश्वशक्तीपर्यंतची इंजिने, निरनिराळे गिअरबॉक्स आणि अर्धा डझन व्हेरिएंट आहेत. बहुतेक जण जाहिरातीतील किंमत, रंग आणि अश्वशक्ती पाहून सुरुवात करतात. त्याऐवजी आधी स्वतःचा वापर कागदावर मांडावा: वर्षाला किती किलोमीटर होतात, त्यांपैकी दहा किलोमीटरांपेक्षा छोट्या फेऱ्या किती आणि सलग ऑटोबानवरचा प्रवास किती. वार्षिक किलोमीटर अंदाजाने लिहू नयेत. सध्याच्या गाडीच्या टीयूव्ही तपासणीच्या (जर्मनीतील सक्तीची तांत्रिक तपासणी) दोन अहवालांवर मीटरचे आकडे असतात, त्यांची वजाबाकी करून मधल्या वर्षांनी भागावे. अंदाज जवळजवळ नेहमीच जास्त निघतो.

डिझेल की पेट्रोल, याचा निकाल याच आकड्यावर लागतो. जर्मनीत वाहनकराचा एक भाग इंजिनाच्या क्षमतेवर असतो आणि दर १०० घनसेंटिमीटरला पेट्रोलसाठी २ युरो, तर डिझेलसाठी ९.५० युरो लागतात. म्हणजे २.० लिटरच्या टीडीआय (डिझेल) इंजिनाला या भागापोटीच वर्षाला १९० युरो आणि १.५ लिटरच्या टीएसआय (पेट्रोल) इंजिनाला ३० युरो. त्यावर कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनानुसार दुसरा भाग येतो. पहिली नोंदणी १ सप्टेंबर २०१८ नंतरची असेल, तर हा भाग नव्या चाचणीपद्धतीच्या, सहसा मोठ्या, आकड्यावर मोजला जातो, त्यामुळे दिसायला सारख्याच दोन गाड्यांचा करही वेगळा असू शकतो. आता हिशेबासाठी धरून चालू की पेट्रोल गाडी १०० किलोमीटरला ७ लिटर घेते, डिझेल ५.५ लिटर घेते आणि दोन्ही इंधने १.७० युरो लिटर आहेत. १०,००० किलोमीटरांमागे इंधनात साधारण २५५ युरो वाचतात. त्यांतील १६० युरो कराच्या फरकात जातात आणि उरलेले विमा व देखभाल यांत संपतात. वर्षाला २५,००० किलोमीटर होत असतील तर हीच बचत ६३५ युरोंच्या वर जाते आणि डिझेलला अर्थ येतो. पंपावर डिझेल सहसा थोडे स्वस्त असते, कारण त्यावरचा ऊर्जाकर कमी आहे, पण त्यामुळे निकाल उलटत नाही, फक्त थोडा सरकतो.

किलोमीटरांइतकीच महत्त्वाची आहे फेऱ्यांची लांबी. डिझेलच्या धुरातील काजळी गाळणारा फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो आणि त्यासाठी इंजिन पुरेसे तापून काही काळ सलग चालावे लागते. रोज मुलांना बालवाडीत सोडून पुढे सुपरमार्केटपर्यंत जाणाऱ्या गाडीत ही सफाई वारंवार अर्धवट राहते आणि फिल्टर भरत जातो. वर्षाला १८,००० किलोमीटर होत असले, तरी ते असे तुकड्यातुकड्यांचे असतील तर डिझेल घेऊ नये. शहरातील बंदीची भीती मात्र या पिढीला लागू नाही. श्टुटगार्ट आणि म्युनिक येथील निर्बंध युरो ६ या उत्सर्जन मानकापेक्षा जुन्या डिझेलवर आणले गेले, तर ही सुपर्ब युरो ६ आहे.

डिझेल घ्यायचेच ठरले तर १.६ टीडीआय, १२० अश्वशक्ती, हा पर्याय सोडून द्यावा. त्याचे २५० न्यूटन मीटर टॉर्क रिकाम्या गाडीला पुरते, पण पाच माणसे आणि भरलेली डिकी घेऊन कासेल शहराजवळच्या ऑटोबानच्या चढांवर मागून येणाऱ्या ट्रकचा विचार करावा लागतो. १५० अश्वशक्तीचे २.० टीडीआय हे या गाडीचे खरे इंजिन आहे. ३४० न्यूटन मीटर टॉर्क इंजिनाच्या कमी आरपीएमवर मिळत असल्याने ते ऑटोबानवर १३० च्या वेगाला निवांत असते. १९० अश्वशक्तीचे ४०० न्यूटन मीटर नक्कीच जाणवतात, मात्र ट्रेलर ओढायचा नसेल किंवा आल्प्सच्या वाऱ्या नेहमीच्या नसतील तर त्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही. २०२० पासून आलेल्या सुधारित टीडीआयमध्ये ॲडब्लू (धूर स्वच्छ करणारे युरियाचे द्रावण) दोन ठिकाणी फवारले जाते, त्यामुळे नायट्रोजन ऑक्साइडचे उत्सर्जन बरेच घटते. बजेटमध्ये बसत असेल तर तीच घ्यावी.

पेट्रोलमध्ये सुरुवातीला १५० अश्वशक्तीचे १.४ टीएसआय होते, २०१८ मध्ये त्याची जागा तेवढ्याच शक्तीच्या १.५ टीएसआयने घेतली. दोन्हींत २५० न्यूटन मीटर टॉर्क आहे आणि कमी भार असताना चारपैकी दोन सिलिंडर बंद होतात. मिश्र वापराच्या कुटुंबाला हे इंजिन पुरेसे आहे. सुरुवातीच्या १.५ टीएसआय मॅन्युअल गाड्या थंड असताना पहिल्या गिअरमध्ये गचके देतात अशी तक्रार फोक्सवॅगन समूहाच्या अनेक गाड्यांबाबत झाली होती आणि त्यावर सॉफ्टवेअर अपडेट निघाले. म्हणून अशी गाडी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना पाहायला जावे. विक्रेत्याने आधीच इंजिन चालू करून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी परत यावे. १९० अश्वशक्तीचे २.० टीएसआय अधिक गुळगुळीत असून ३२० न्यूटन मीटर टॉर्क देते आणि याच इंजिनाची सुपर्ब भारतातही विकली गेली. २७२ किंवा २८० अश्वशक्तीची फोर बाय फोर गाडी हौसेची आहे. हौसेचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

प्लग-इन हायब्रिड, म्हणजे आयव्ही, जाहिरातीत फार मोहक दिसते. १.४ टीएसआय आणि विजेची मोटर मिळून २१८ अश्वशक्ती, १३ किलोवॅट-तासांची बॅटरी आणि कागदावर साधारण ६० किलोमीटरांचे विजेवरचे अंतर. मात्र तिची डिकी ६६० वरून ५१० लिटरांवर येते आणि इंधनाची टाकी ६६ वरून ५० लिटरांवर. डिकीसाठीच कॉम्बी घेणाऱ्याने आपल्या बॅगा सोबत नेऊन त्यात ठेवून पाहाव्यात. तिला जलद डीसी चार्जिंगही नाही, चार्जिंगचा कमाल दर ३.६ किलोवॅट आहे. घरी किंवा कामाच्या ठिकाणी हक्काचा चार्जिंग पॉइंट असेल आणि रोजचे अंतर ४० किलोमीटरांच्या आत असेल तरच हा सौदा चांगला ठरतो. जर्मनीत कंपनीच्या गाडीवर लागणारा प्राप्तिकर प्लग-इनसाठी अर्धा होता, त्यामुळे अनेक आयव्ही केवळ करबचतीसाठी घेतल्या गेल्या आणि पेट्रोलवरच धावल्या. डिकीच्या तळाशी चार्जिंगची केबल कोऱ्या पिशवीत जशीच्या तशी पडलेली दिसली, तर त्या गाडीच्या इंजिनाने काय भोगले आहे याचा अंदाज येतो.

डीएसजी म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. गिअरबॉक्सबाबत सर्वाधिक गोंधळ ‘सात गिअरची डीएसजी’ या शब्दांनी होतो, कारण जाहिरातीत त्याखाली दोन वेगळ्या यंत्रणा येतात. १.४ आणि १.५ टीएसआय तसेच १.६ टीडीआयला डीक्यू २०० हा कोरड्या क्लचचा गिअरबॉक्स आहे, जो सुमारे २५० न्यूटन मीटरपर्यंतच टॉर्क झेलतो. २०१६ मध्ये भारतात आलेल्या सुपर्ब १.८ टीएसआयला मॅन्युअलमध्ये ३२० आणि डीएसजीमध्ये फक्त २५० न्यूटन मीटर टॉर्क होते, त्यामागे हीच मर्यादा होती. २.० लिटरच्या इंजिनांना ओल्या, म्हणजे तेलात बुडालेल्या क्लचचा गिअरबॉक्स मिळतो: आधीच्या टीडीआयला सहा गिअरचा डीक्यू २५० आणि नंतरच्या गाड्यांना सात गिअरचा डीक्यू ३८१. गर्दीत इंचाइंचाने सरकताना क्लच अर्धवट जोडलेला राहतो आणि घर्षणाने तापतो. ओल्या क्लचमध्ये ती उष्णता तेल वाहून नेते, कोरड्यात ती क्लचलाच सोसावी लागते. म्हणून रोज शहराच्या कोंडीतून जाणाऱ्याने आणि नेहमी भरलेली गाडी हाकणाऱ्याने ओल्या क्लचचाच आग्रह धरावा. हलक्या वापराला डीक्यू २०० चालतो, फक्त सिग्नलवर ब्रेकवरचा पाय अर्धवट उचलून गाडी सरकवत राहण्याची सवय सोडावी लागते.

ओल्या क्लचची किंमत म्हणजे त्याचे तेल. डीक्यू २५० चे तेल आणि फिल्टर दर ६०,००० किलोमीटरांना बदलावे लागतात. १,३०,००० किलोमीटर झालेल्या गाडीच्या नोंदींत हे काम दोनदा दिसले पाहिजे. ‘सर्व्हिस नियमित झाली आहे’ या तोंडी उत्तरावर समाधान मानू नये, तेलबदलाचे बिल मागावे. चाचणी घेताना बहुमजली पार्किंगचा उतार शोधावा. चढावर थांबून ब्रेक सोडावा आणि गाडी ॲक्सिलरेटर न देता हळूहळू पुढे सरकू द्यावी, मग हाच प्रयोग रिव्हर्समध्ये करावा. थरथर जाणवली, किंवा पहिल्यातून दुसऱ्या गिअरमध्ये जाताना धक्का बसला, तर ती गाडी सोडून द्यावी. मॅन्युअल गिअरबॉक्स स्वस्त आणि टिकाऊ आहे, पण ज्यांच्या जर्मन परवान्यावर ७८ हा संकेतांक आहे त्यांना तो चालवता येत नाही. पती-पत्नींपैकी एकाचा परवाना तसा असेल तर प्रश्न तिथेच मिटतो.

फोर बाय फोरची गरज शंभरात नव्वद जणांना नसते. हिवाळ्यात चांगले टायर अधिक उपयोगी पडतात, आणि चारही चाके फिरवणाऱ्या हॅल्डेक्स क्लचचे तेलही ठराविक काळाने बदलावे लागते.

व्हेरिएंट सर्वांत शेवटी पाहावे. जर्मनीत ॲक्टिव्ह, ॲम्बिशन, स्टाइल आणि लॉरिन उंड क्लेमेंट अशी चढती श्रेणी होती. शिवाय स्पोर्टलाइन आणि २०१९ नंतर जमिनीपासून थोडी उंच असलेली स्काउट. पण जर्मन ग्राहक, विशेषतः कंपन्या, पर्यायांच्या यादीतून वेचून गाडी बांधून घेतात, त्यामुळे नाव खालचे आणि साधने वरची, असे सर्रास दिसते. भरगच्च ॲम्बिशन ही मोकळ्या स्टाइलपेक्षा कितीतरी चांगली खरेदी असते. म्हणून व्हेरिएंटच्या नावाऐवजी गाडीत कारखान्यातून काय बसवले आहे ते तपासावे. डिकीचे आच्छादन उचलल्यावर सुट्या चाकाच्या खोबणीत एक पांढरे स्टिकर असते, त्यावर इंजिन व गिअरबॉक्सचे संकेत आणि तीन-तीन अक्षरांच्या ओळी छापलेल्या असतात. प्रत्येक तिकडी एका साधनाची असते आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये त्यांचा अर्थ सांगतात.

साधने निवडताना नंतर बसवता न येणाऱ्या किंवा बसवणे फार महाग पडणाऱ्या गोष्टींना प्राधान्य द्यावे. लांबच्या प्रवासासाठी अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल पहिला. तो १६० पर्यंत किंवा २१० किलोमीटर वेगापर्यंत चालणारा अशा दोन प्रकारांत येतो आणि आपल्या वापराला पहिला पुरतो. दुसरे मॅट्रिक्स एलईडी दिवे (समोरच्या गाडीवरचा झोत तेवढा आपोआप कमी करणारे), जे २०१९ च्या फेसलिफ्टपासून, म्हणजे सुधारित रूपापासून, मिळू लागले. हिवाळ्यात चार वाजता अंधार पडणाऱ्या देशात त्यांचे मोल मोठ्या स्क्रीनपेक्षा जास्त आहे. तिसरे, गाडी उघड्यावर उभी राहत असेल तर इंजिन बंद असतानाही गाडी गरम करणारा पार्किंग हीटर. उलट १९ इंची चाके टाळावीत, कारण त्यांनी गाडी कडक होते आणि हिवाळी टायरांचा दुसरा संच महागात पडतो. काचेचे छप्पर कितीही देखणे असले तरी मागे बसणाऱ्या उंच माणसाची डोक्यावरची जागा ते खाते. दारात लपवलेल्या छत्र्या मात्र आहेत की नाहीत ते जरूर पाहावे, बऱ्याच गाड्यांत त्या आधीच्या मालकासोबत गेलेल्या असतात.

ट्रेलर किंवा कॅराव्हॅन ओढायचा असेल तर नोंदणीपत्रातील ओ.१ आणि ओ.२ हे रकाने वाचावेत. ब्रेक असलेल्या आणि नसलेल्या ट्रेलरचे कमाल वजन तिथे असते आणि ते इंजिनागणिक बदलते. सायकलींचा रॅक मागच्या हुकावर लावणाऱ्याने १३ व्या रकान्यातील हुकावरचा कमाल उभा भारही पाहावा, दोन विजेच्या सायकली आणि रॅक मिळून तो सहज गाठतात.

शेवटी विक्रेता. व्यापाऱ्याकडून घेतल्यास वापरलेल्या गाडीवरही दोषांची कायदेशीर जबाबदारी किमान एक वर्ष त्याच्यावर राहते, आणि २०२२ पासूनच्या नियमानुसार पहिल्या वर्षात निघालेला दोष विक्रीच्या वेळी नव्हता हे त्यालाच सिद्ध करावे लागते. खासगी विक्रेता ही जबाबदारी करारात नाकारू शकतो आणि बहुधा नाकारतोच. डीएसजीची गाडी घेताना या संरक्षणासाठी हजारभर युरो अधिक मोजावे लागले तरी मी मोजीन. भाव तुटेपर्यंत ताणण्यापेक्षा रिमसह हिवाळी टायरांचा संच आणि नवी टीयूव्ही तपासणी त्याच किमतीत मागावी. पैशांत सूट न देणारे व्यापारी या दोन गोष्टींना बरेचदा तयार होतात.