धातूच्या आयनाचे मोलर वस्तुमान कसे काढावे

सोडियमचा अणू एक इलेक्ट्रॉन गमावून आयन होतो, तेव्हा त्याच्या मोलर वस्तुमानातून, म्हणजे एक मोल कणांच्या ग्रॅममधील वस्तुमानातून, काय वजा करायचे, हा प्रश्न विद्यार्थ्यांना हमखास पडतो, आणि तो पडायलाच हवा. एक मोल इलेक्ट्रॉनांचे वस्तुमान सुमारे ०.०००५५ ग्रॅम असते. ते वजा केले, की सोडियमचे २२.९९० ग्रॅम प्रति मोल हे मूल्य २२.९८९ होते. तीन इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाच्या, म्हणजे फेरिक आयनाचेही ५५.८४५ वरून ५५.८४३ एवढेच होते. म्हणून नेहमीच्या गणितात आवर्तसारणीतील अणुवस्तुमान ग्रॅम प्रति मोल या एककात जसेच्या तसे घ्यावे. प्रभार २ आहे म्हणून त्या आकड्याला २ ने भागू नये. तसे केल्यास जे मिळते ते सममूल्य वस्तुमान, म्हणजे एक मोल प्रभारामागचे वस्तुमान असते, मोलर वस्तुमान नव्हे.

प्रभाराचे खरे काम मोजणीत असते, आणि ते अनोळखी धातूच्या उदाहरणात स्पष्ट दिसते. समजा, एका धातूच्या निर्जल क्लोराइडचे १.११० ग्रॅम पाण्यात विरघळवले आणि नायट्रिक आम्लाचे काही थेंब घालून त्यात सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण मिसळले. सिल्व्हर क्लोराइडचा गुठळ्या धरणारा पांढरा अवक्षेप (न विरघळणारा साका) खाली बसला, की वरच्या नितळ द्रवात आणखी एक थेंब सोडून पाहावा. पुन्हा गढूळपणा आला नाही, तरच सर्व क्लोराइड खाली आले असे मानावे. अवक्षेप उजेडात जांभळट पडत जातो, म्हणून तो शक्यतो अंधारात ठेवावा आणि गाळून, धुऊन, वस्तुमान स्थिर होईपर्यंत वाळवावा.

तो २.८६७ ग्रॅम भरला, तर सिल्व्हर क्लोराइडच्या मोलर वस्तुमानाने, १४३.३२ ने, भागून क्लोराइडचे ०.०२०० मोल मिळतात. त्यांचे वस्तुमान ०.०२०० गुणिले ३५.४५, म्हणजे ०.७०९ ग्रॅम, आणि उरलेले ०.४०१ ग्रॅम धातूच्या आयनाचे. आयनाचा प्रभार २ असेल, तर दोन क्लोराइडमागे एक आयन येतो, म्हणून आयनाचे ०.०१०० मोल, ०.४०१ भागिले ०.०१०० बरोबर ४०.१ ग्रॅम प्रति मोल, अर्थात कॅल्शियम. प्रभार ठाऊक नसल्यास १ आणि ३ हेही धरून पाहावेत. १ धरल्यास सुमारे २० येते, पण तिथे निऑन आहे, धातू नाही. ३ धरल्यास येणारे ६० निकेल आणि तांबे यांच्या मधल्या रिकाम्या जागेत पडते.

या रीतीत सर्वांत जास्त जपायचे ते क्षार पूर्ण निर्जल असण्याला, कारण कॅल्शियम क्लोराइड हवेतले पाणी झपाट्याने शोषते आणि त्या पाण्याचे सगळे वस्तुमान वजाबाकीत धातूच्याच माथी येते. क्षाराच्या प्रत्येक घटकासोबत पाण्याचे दोन रेणू राहिले, तर तेवढ्याच क्लोराइडसाठी १.४७० ग्रॅम क्षार लागेल आणि उत्तर ४०.१ ऐवजी ७६.१ येईल.